न मोजलेलं रक्त

वाचकहो, घरातलं माणूस तापानं फणफणलं की आपलं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. कपाळाला हात लावून बघतो, पांघरूण सारखं करतो, आणि दवाखान्यात पोचलो रे पोचलो की एकच धोशा लावतो, "डॉक्टर, काहीतरी द्या! लवकर द्या! आणि चांगलं भारीतलं द्या!" भारीतलं औषध आत गेलं की जिवाला कसा थंडावा मिळतो. आजाऱ्याच्या नाही हो, आपल्या! हा धोशा कधी लागलाच नाही, असं घर शोधून सापडायचं नाही.

ही गोष्ट मात्र अशा घरची, जिथं असा धोशा लागायचं काही कारण नव्हतं. त्या घरात दोन डॉक्टर होते, बहीण आणि भाऊ, आणि दोघंही एकाच मोठ्या रुग्णालयात कामाला.

बहीण थोरली. घरीदारी सगळे तिला ताईच म्हणत. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत जंतूंची प्रयोगशाळा होती, तिची ती प्रमुख. वॉर्डातले लोक तिच्या पाठीमागे तिला 'जंतूबाई' म्हणायचे, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. फोनवर कधी कधी तीच म्हणायची, "जंतूबाई बोलतेय. बाटली अर्धी भरून पाठवलीत, उरलेलं रक्त काय घरी नेलंत?"

तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. ज्याच्या रक्तात जंतू शिरल्याचा संशय, त्याचं रक्त एका बाटलीत भरून तिच्याकडे येई. बाटलीत जंतूंना आवडेल असं खाद्य असे. जंतू असले तर उबेत वाढायचे. मग ताई ते एका प्लेटवर पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायची. दुसऱ्या दिवशी बघावं, तर एखाद्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडलेलं असे. म्हणजे त्या औषधानं जंतू मेला. एखाद्या चकतीला मात्र जंतू अगदी खेटून वाढलेला असे, जणू औषध तिथं नाहीच. पहिल्याला प्रयोगशाळेत म्हणायचे 'ऐकणारा', दुसऱ्याला 'न ऐकणारा'.

दरवर्षी ताई या सगळ्याची मोजदाद करून एक तक्ता काढायची. ऐकणाऱ्यांची हिरवी रेघ, न ऐकणाऱ्यांची लाल. तक्त्याच्या प्रती प्रत्येक वॉर्डात लागत. बाहेरून आलेले मोठमोठे डॉक्टर त्यापुढं उभे राहून माना डोलवत, आणि ताईला आतून बरं वाटे. का वाटू नये? एवढी नेटकी मोजदाद आसपासच्या कुठल्या रुग्णालयात होत नव्हती. एकच गोष्ट वाईट होती. लाल रेघ दरवर्षी वर चढत होती.

भाऊ धाकटा. त्याला घरात 'धाकट्या' हेच नाव पडलेलं, केस पांढरे व्हायला लागले तरी सुटलं नव्हतं. तो तापाच्या वॉर्डाचा प्रमुख. त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बहिणीचा तक्ता.

"ताई, तुझी ती लाल रेघ बघितली की पोटात गोळा येतो," तो म्हणायचा.

"यायलाच पाहिजे. त्यासाठीच तर काढते."

धाकट्यालाही एका गोष्टीचा अभिमान होता. त्याच्या वॉर्डात पहिला डोस दारातच मिळायचा. आजारी माणूस स्ट्रेचरवरून खाटेवर यायच्या आत औषध अंगात! नातेवाईक दुवा द्यायचे. "इथं बसवून ठेवत नाहीत हो," असा वॉर्डाचा लौकिक होता. आणि ताईची लाल रेघ जसजशी चढत गेली, तसतसा धाकट्याचा दारातला डोसही जड होत गेला. आधी साधं औषध होतं, मग त्याच्यावरचं आलं. शेवटी ज्या औषधाला पूर्वी कुलपात ठेवत आणि दोन डॉक्टरांच्या सह्यांशिवाय काढत नसत, ते सगळ्यात भारी औषध दारातल्या ट्रेमध्ये येऊन बसलं.

भावाबहिणीला वाटे, आपण दोघं मिळून किती चोख काम करतो! ती मोजते, तो त्याप्रमाणे वागतो. यात खोट कुठं असेल, असं त्यांच्या मनातही कधी आलं नाही. देवा, माणूस वाईट वागताना तरी कधीमधी दचकतो. चांगलं करतोय अशी खात्री असली की दचकणंसुद्धा सुटतं!

या दोघांना वाढवलं मावशीनं. आई लवकर गेली, मावशीनं लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं आणि ही दोन पोरं मोठी केली. निवृत्त झाली तरी तिची मास्तरकी सुटली नव्हती. ती ताईच्या घरी राहायची आणि दारावर येणाऱ्या पोस्टमनचंही अक्षर तपासायची.

मावशीच्या टाचेला भेग पडली होती. भेग चिघळली, पाय पोटरीपर्यंत लाल झाला, सुजला. तिनं लांब झगा घालून पाय झाकला आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. एका सकाळी हुडहुडी भरली, दात वाजायला लागले आणि ती भलतंसलतं बोलायला लागली. शेजारच्यांनी तिला रुग्णालयात आणलं.

ताई प्रयोगशाळेतून धावत वॉर्डात आली तेव्हा स्ट्रेचर दारातच होतं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक. मोठ्या सिस्टर हातात सुई घेऊन उभ्या. या वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या परिचारिका, हात असा हलका की मुलंसुद्धा रडत नसत.

"ताई, रक्तदाब पडतोय," धाकटा म्हणाला.

आणि आयुष्यभर रक्ताच्या बाटल्या मोजणारी ताई काय म्हणाली असेल? बाटली आणा म्हणाली? नाही हो! तिच्या तोंडून तेच निघालं जे तुमच्याआमच्या तोंडून निघतं. "भारीतलंच दे रे! तक्ता बघितलायस ना? वेळ घालवू नकोस!"

भारीतलं औषध दारातच गेलं.

आणि मावशी सावरली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पायाची लाली मागं हटली, तिसऱ्या दिवशी ती मोठ्या सिस्टरांना सांगायला लागली की तुमच्या फळ्यावरच्या सूचनेत चार चुका आहेत. औषध मात्र सलाईनमधून काही दिवस चालू ठेवायचं होतं, म्हणून तिला घरी सोडलं नाही. ताई रोज दुपारी चहाचे दोन कप घेऊन तिच्या खाटेशी बसायची.

अशाच एका दुपारी मावशीची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"ते काय गं? शेअर बाजार?"

"माझा तक्ता आहे तो. लाल रेघ म्हणजे औषधांना न ऐकणारे जंतू."

"चढलीय की चांगली. म्हणजे शंभरातले इतके उनाड?"

"हो. दरवर्षी जास्तच."

मावशीनं चहाचा घोट घेतला. "शंभर कोण पण?"

"म्हणजे?"

"अगं, शंभर कोण मोजलेस? ताप आलेल्या सगळ्यांचं रक्त तुझ्याकडे येतं?"

"येत असणारच की. म्हणजे... वॉर्ड पाठवतात तेवढं येतं."

"माझं आलं?"

ताईनं नकारार्थी मान हलवली.

"नाही आलं ना? मी तर म्हणे मरणाच्या दारात होते. मग मी तुझ्या शंभरात नाही. का नाही?" मावशीनं कप खाली ठेवला. आता तिच्यातली शाळेची बाई पुरती जागी झाली होती. "ऐक. शाळेत मला बरीच वर्षं पुरवणी परीक्षेचा वर्ग दिला होता. नापास झालेली सगळ्या तुकड्यांतली मुलं माझ्याकडे. पहिल्या वर्षी मला वाटलं, या गावात हुशार पोर जन्मालाच येत नाही! मी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, अभ्यासक्रम बदला, शिक्षा वाढवा, ही पिढी बुडाली. ते हसले. म्हणाले, बाई, पास झालेली मुलं तुमच्या वर्गात कशाला येतील? ती बाहेर खेळतायत, खिडकीतून बघा जरा."

"मावशी, हे वेगळं आहे."

"असेल बाई. तू डॉक्टर. मी आपली खडूवाली. पण माझं रक्त का नाही आलं, एवढं विचारून ये."

ताई हसतच उठली. म्हातारीचं समाधान करावं म्हणून ती मोठ्या सिस्टरांच्या टेबलाशी गेली.

"सिस्टर, रक्ताची बाटली तुम्ही कधी भरता?"

"ताप उतरला नाही की," मोठ्या सिस्टर सहज म्हणाल्या. "दोन-तीन दिवस बघतो. उतरला तर कशाला उगीच टोचायचं त्या जिवाला? नाहीच उतरला तर मग तुमच्याकडे."

"आणि पहिल्या दिवशी? औषधाच्या आधी?"

"आधी?" सिस्टरांना प्रश्नच कळला नाही. "आधी कसं? नातेवाईक डोक्यावर बसलेले असतात. औषध द्यायचं सोडून रक्त काढत बसलं तर जीव घेतील आमचा. पहिल्यापासून असंच आहे हो."

ताई तिथंच खुर्चीवर बसली.

वाचकहो, एखादा माणूस रोज आरशात बघून केस विंचरतो आणि एक दिवस कळतं की तो आरसा नसून दुसऱ्याच कोणाचं चित्र होतं, तर त्याला कसं वाटेल? जे जंतू दारातल्या औषधानंच मेले, त्यांचे रुग्ण बरे होऊन घरी गेले. त्यांचं रक्त कोणी घेतलंच नाही. ऐकणारे बहुतेक तिच्या मोजणीच्या बाहेरच राहिले. तिच्याकडे आली ती बहुतेक हट्टी, चिवट, औषधाला पुरून उरलेली जात. तिनं मोजलेला एकही आकडा खोटा नव्हता. पण तिनं मोजली ती फक्त नापासांची हजेरी, आणि वर नाव दिलं 'रुग्णालयाची स्थिती'!

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण ती रेघ बघून धाकटा घाबरला, डोस जड केला. आणि जड औषधाचं एक असतं. परमेश्वरानं आपल्या पोटात, घशात, कातडीवर कोट्यवधी जीव नांदते ठेवले आहेत. त्यांतले बहुतेक गरीब, आपल्याच घरातले. भारी औषध आत शिरलं की भलाबुरा बघत नाही. गरीब बिचारे मरतात. जो एखादा कोपऱ्यात उद्दाम बसलेला असतो तो तेवढा राहतो, आणि त्याला सगळं घर मोकळं मिळतं! म्हणजे चुकीच्या रेघेनं भीती वाढवली, भीतीनं औषध वाढवलं, आणि औषधानं ती चुकीची रेघ वर्षावर्षाला खरी करून दाखवली.

हे धाकट्याला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, म्हणून ताई उठली. वळते तर तो दारात उभा.

"ताई, मावशीला पुन्हा थंडी भरलीय."

या वेळी बाटली भरली. या वेळी नियमात बसत होतं ना! ताईनं ती स्वतःच्या हातानं मागच्या इमारतीत नेली. उबेच्या यंत्रात ठेवली. यंत्राचा दिवा लागला की जंतू वाढला असं समजायचं. दिवा फार लवकर लागला, म्हणजे रक्तात जंतू खच्चून भरलेले.

प्लेट दुसऱ्या दिवशी तयार झाली. तिनं झाकण उघडलं. आयुष्यात तिनं अशा प्लेटा किती बघितल्या असतील, त्याला गणती नाही. ही मात्र बघताना तिला चष्मा दोनदा पुसावा लागला. पहिल्या चकतीला जंतू खेटून. दुसऱ्या चकतीला खेटून. भारीतल्या चकतीलाही खेटून, अगदी कडेपर्यंत, दाट, निवांत. तिनं प्लेट खिडकीकडे नेली, पुन्हा दिव्याखाली आणली. उजेड बदलून जंतू बदलतो का? पण माणसाचं मन वेडं. तिला वाटत होतं, कुठंतरी एक बारीकसं रिंगण असेल, आपल्याला दिसत नसेल.

एका अगदी जुन्या, मूत्रपिंडाला जाळणाऱ्या औषधाभोवती पुसटशी पोकळी होती. तेवढीच.

तिनं धाकट्याच्या खोलीचं दार लोटलं.

"कुठून आला हा?" त्यानं विचारलं.

"हातातल्या सलाईनच्या जागेवरून असणार. पायातला नव्हे हा. हा तुझ्या वॉर्डातला आहे. आपणच पोसलेला."

"आपण म्हणजे?"

ताईनं सगळं सांगितलं. बाटली, तिसरा दिवस, नापासांची हजेरी. तो ऐकत गेला आणि लाल होत गेला.

"म्हणजे तुझा तक्ता चुकीचा होता? अगं, त्या तक्त्यावर विश्वास ठेवून मी दारात भारी औषध आणलं!"

"आणि तुझ्या सवयीवर माझा तक्ता उभा होता! तू रक्त पाठवलं असतंस तर..."

"तू एकदा तरी विचारलंस? कधी भरता बाटली, म्हणून एकदा?"

"तू एकदा तरी सांगितलंस?"

दोघं थांबले. भांडण करायलाही समोर कोणीतरी दुसरा लागतो. इथं दोघंही एकाच बाजूला उभे होते.

मग धाकटा खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तिच्या पायातला पहिला जंतू कोणता होता?"

"माहीत नाही."

"अशा पायात बहुतेक वेळा साधाच असतो. साध्या औषधानं जातो."

"माहीत नाही रे. रक्तच घेतलं नाही."

"साधं औषध दिलं असतं तर आता हा..."

"माहीत नाही!" ताई ओरडली. आणि मग रडली. "मला काहीच माहीत नाही. मीच म्हणाले होते ना, भारीतलं दे!"

जुनं औषध सुरू केलं. ताप थोडा हटला, पण लघवी कमी झाली. औषध कमी करावं तर ताप वर, वाढवावं तर मूत्रपिंड बंद. धाकटा रोज हिशेब मांडायचा आणि रोज हात टेकायचा. दुसऱ्या रुग्णालयांना फोन केले, गुरूंना विचारलं. सगळे तेच म्हणाले, जे करताय ते बरोबर आहे. ज्याच्या घरचं माणूस समोर सुकत चाललंय, त्याला 'बरोबर आहे' या शब्दांचा काय उपयोग!

ताईकडे तर तेवढंही काम नव्हतं. जंतू ओळखून झाला होता, चकत्या वाचून झाल्या होत्या. ती मावशीच्या खाटेशी बसायची, ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायची आणि मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. देवाकडे मागायचं तरी काय, हेही तिला सुचत नव्हतं. वेळ मागे फिरव, असं कोणी मागतं का?

एका सकाळी मावशीला चांगली शुद्ध आली. डोळे उघडे, आवाज बारीक, पण रोखठोक.

"धाकटा तोंड लपवत फिरतोय. औषधं संपली ना?"

ताईला खोटं बोलता आलं नाही. "संपत आलीत."

"माझं रक्त आलं की नाही या वेळी तुझ्याकडे?"

"आलं."

"कुठल्या रेघेत घातलंस?"

"लाल."

मावशीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघ हं. जन्मात कधी नापास झाले नाही, ते म्हातारपणी झाले."

"मावशी, नको ना गं."

"आणि पहिल्या वेळचं? पाय सुजला तेव्हाचं?"

"ते नाही मोजलं. ते आता कधीच मोजता यायचं नाही."

मावशीनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "धाकट्याला बोलाव."

तो आला. खाटेच्या कडेला शाळकरी पोरासारखा उभा राहिला.

"अरे, तू मला लवकर औषध दिलंस ते चांगलंच केलंस. नाहीतर मी त्याच दिवशी गेले असते. त्यात तुझी चूक नाही."

"मावशी..."

"मध्ये बोलू नकोस. पण सुई तर टोचलीच होतीस ना हातात? त्याच सुईतून आधी रक्त काढायला किती वेळ लागला असता?"

धाकटा खाली बघत म्हणाला, "काहीच नाही. सिस्टर औषध तयार करेपर्यंत झालं असतं."

"मग का नाही काढलंस?"

"नातेवाईक ओरडतात."

"माझे नातेवाईक कोण होते तिथं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिथं तेच दोघं होते.

"आणि रक्त आलं असतं, जंतू साधा निघाला असता, तर दोन दिवसांत हे भारीतलं बंद करून साधं देता आलं असतं, हो की नाही? आता मला सांग, ज्याला भारी नको त्याला भारी द्यायचं, आणि ज्याला खरंच हवं त्याच्या वेळी ते निकामी झालेलं. ही कुठली दया? माझ्या वर्गात जो ओरडेल त्याला गुण वाढवून दिले असते, तर मी प्रेमळ ठरले असते. पण पोरांचं वाटोळं केलं असतं!"

एवढं बोलून ती दमली. तिनं डोळे मिटले. नंतरही ती काही वेळा बोलली, पण ते तिच्या शाळेतल्या मुलांशी. चार दिवसांनी दुपारी, भाऊबहीण दोघंही जवळ असताना, मावशी गेली.

काय करणार? रुग्णालय थांबत नाही. मावशीची खाट स्वच्छ झाली, संध्याकाळी तिथं दुसरी बाई आली.

काही दिवसांनी सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत ताई उभी राहिली. तक्ते तिनं सगळ्या वॉर्डांतून आधीच उतरवून आणले होते. ती म्हणाली, "हे मी काढले. यावर विश्वास ठेवू नका." आणि का, ते सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचं रक्त आलंच नाही तर तक्त्यात कोण येतं आणि कोण गळतं, ते सांगितलं. स्वतःच्या घरचंही सांगितलं. एक वयस्कर सर्जन तेवढे म्हणाले, "आमच्याकडेही असंच करतात हो." आणि मग एकेक करून सगळ्यांच्याच माना खाली गेल्या.

धाकट्यानं दारातला ट्रे बदलला. आता त्यात पुढं रक्ताच्या बाटल्या, मागं औषधं. भारीतलं पुन्हा कुलपात गेलं. ज्याला खरंच लागेल त्याला मिळेल, पण रक्त घेतल्याशिवाय कोणाला नाही. हे लिहायला सोपं आहे. करायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते ऐका.

एका ट्रक चालवणाऱ्याला त्याची बायको आणि मेहुणा घेऊन आले. ताप, हुडहुडी, डोळे तारवटलेले. धाकट्यानं सुई टोचली आणि बाटली मागितली.

"अहो, रक्त कसलं काढताय!" मेहुणा ओरडला. "माणूस मरतोय इथं! आधी इंजेक्शन द्या! भारीतलं द्या, आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

मोठ्या सिस्टरांचा हात थबकला. धाकट्याचाही थबकला. वर्षानुवर्षांची सवय ती, एका क्षणात कशी सुटेल? त्या बाईचे डोळे त्याच्यावर खिळलेले होते, आणि ते डोळे त्यानं कुठं पाहिले होते ते त्याला आठवलं. ताईचे होते. त्या सकाळचे.

"दादा, इकडे बघा," तो मेहुण्याला म्हणाला. "सिस्टर औषध तयार करतायत. ते तयार होईपर्यंत माझं रक्त काढून होतंय. औषधाला क्षणाचाही उशीर होणार नाही. पण हे रक्त आत्ता घेतलं नाही, तर उद्या मी आंधळा. मागच्या महिन्यात आम्हाला वाढवणारी मावशी याच दारात आली होती. मी घाबरलो. रक्त घेतलं नाही. ती गेली. आणि कशानं गेली याचा अर्धा भाग मला जन्मभर कळायचा नाही."

मेहुण्याचा हात खाली आला. "घ्या डॉक्टर," तो म्हणाला. आणि त्यानंच बाटली धरली.

ट्रकवाला बरा झाला. त्याच्या रक्तातला जंतू ऐकणारा निघाला. साधं औषध पुरलं. ताईनं ती बातमी धाकट्याला फोनवर सांगितली. आनंद झाला होता. पण त्याच्या आतून एक सल निघत होता. दर वेळी पायातून, फुप्फुसातून रक्तात गेलेला साधा जंतू सापडला की ताईला वाटे, मावशीचाही असाच असेल. मग वाटे, नसेलही. हा सल काही केल्या जायचा नाही, हे तिनं आता मान्य केलं आहे.

नव्या मोजणीचा पहिला तक्ता निघाला तेव्हा लाल रेघ बरीच खाली आलेली दिसली. कोणीतरी पेढे वाटायला निघालं. ताईनं थांबवलं. "हे आपण जिंकलो म्हणून नाही," ती म्हणाली. "आपण आत्ता कुठं सगळ्यांना मोजायला लागलो." आणि तिचं खरं होतं. पुढच्या वर्षी ती खरी रेघ थोडी वर सरकली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडी. इतक्या वर्षांत जे उद्दाम होऊन बसले, ते काही एका ट्रेची मांडणी बदलल्यानं शहाणे होणार नव्हते. ताई ती रेघ आखते आणि प्रत्येक वेळी तिचा हात जड होतो.

वाचकहो, जंतूंविरुद्धची औषधं ही कोणा एकाची मालमत्ता नाही. तुमच्या घाबरण्यानं ती आज खर्ची पडतात आणि उद्या तुम्हाला न ओळखणाऱ्या कोणाच्या तरी लेकराला ती मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या डोक्यावर बसू नका. भारीतलं द्या म्हणून हट्ट धरू नका. कोणी तुमच्या माणसाचं रक्त आधी मागितलं तर हात पुढं करा, आणि कोणी मागितलंच नाही तर तुम्ही विचारा, "औषधाआधी रक्त घेतलंत का?" आणि डॉक्टर मंडळींनो, औषधाला उशीर नको, पण रक्ताचा विसरही नको. बरा होऊन गेलेलाही मोजा, न झालेलाही मोजा. ज्याला मोजलं नाही, त्याच्यापासून आपण काहीच शिकत नाही.

परमेश्वरानं आपल्याला घाबरणारं मन दिलं, कारण आपलं आपल्या माणसांवर प्रेम आहे. त्या घाबऱ्या मनाला दाराशी क्षणभर थांबायची बुद्धीही तो देवो. भावाबहिणीला ती मिळाली. फक्त, ज्या मावशीसाठी हवी होती, तिच्या वेळेला मिळाली नाही.